अकॉस्टिक घ्यायची की इलेक्ट्रिक? बेळगाव-खानापूर-निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की एकदा, आणि गणपतीच्या महिनाभर आधी पुन्हा एकदा, गिटारचे तेच प्रश्न फिरून फिरून येतात. टिळकवाडीतले पालक, खानापूरकडची भजनी मंडळी, निपाणी-चिकोडीची कॉलेजची पोरं. विचारणारे बदलतात, प्रश्न नाही. म्हणून सगळे एका जागी मांडले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. दोन्ही दिसायला सारख्याच, तारा पण सहाच. मग नेमका फरक काय?

आवाज कुठून निघतो, हा फरक. अकॉस्टिकमध्ये तारेचं कंपन सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती छोटी पट्टी) आणि ब्रिज (ती पट्टी ज्यात बसते तो तुकडा) यांतून वरच्या फळीत उतरतं. ही फळी, म्हणजे टॉप, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते. ती हलते, आतली हवा हलवते आणि आवाज मोकळा होतो. तंबोऱ्यात भोपळ्याचं जे काम, तेच इथे पोकळ बॉडीचं.

इलेक्ट्रिकची बॉडी बहुधा भरीव लाकडाची असते. तारांखाली पिकअप असतो: चुंबक, आणि त्याभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये क्षीण वीज तयार होते. ती केबलमधून ॲम्पमध्ये, म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये जाते, तिथे मोठी होते आणि स्पीकरमधून ऐकू येते. पिकअपला हवेतला आवाज कळत नाही, पोलादाची हालचाल कळते. त्यामुळे इलेक्ट्रिकला नायलॉनच्या तारा लावल्या तर ॲम्पमधून काहीच येणार नाही.

कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर), सूर, ट्यूनिंग मात्र दोन्हीकडे एकच. जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई. एकीवर शिकलेलं दुसरीवर वाया जात नाही.

२. आधी अकॉस्टिकवर बोटं तयार करायची, मग इलेक्ट्रिक, असंच करायला लागतंय काय?

नाही. हा समज आपल्याकडे इतका मुरलाय की दुकानदारही तोच सांगतात आणि शिकवणारेही. इलेक्ट्रिक ही अकॉस्टिकची पुढची इयत्ता नाही. दोन्ही वेगळी वाद्यं आहेत आणि निवड एकाच गोष्टीवरून करावी: तुम्हाला वाजवायचंय काय, आणि कुठे.

गाणं म्हणत स्वतःच कॉर्ड धरायचे, मित्रांच्या घोळक्यात किंवा चर्चच्या कॉयरमध्ये साथ करायची, अभंगाला तालात स्ट्रमिंग (सगळ्या तारांवरून हात फिरवणं) द्यायचं असेल, तर अकॉस्टिक घ्या. रॉक, मेटल, ब्लूज, फ्युजन, ऑर्केस्ट्रातले सोलो कानात घोळत असतील, तर पहिल्या दिवसापासून इलेक्ट्रिक. ज्याला मेटल वाजवायचंय त्याच्या हातात वर्षभर अकॉस्टिक दिली तर तिसऱ्या महिन्यात गिटार कपाटावर जाते. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता पालकांना आधी मुलगा काय ऐकतो ते विचारतो, वय नंतर.

बोटांना सोपी कुठली म्हणाल तर इलेक्ट्रिक. तिच्या तारा बारीक आणि तारांची उंची कमी (प्रश्न ४). तिच्यावर अवघड जातं ते वेगळंच: नको असलेल्या तारा गप्प ठेवणं. ॲम्प चालू असताना चुकून लागलेली तारही खणखणीत ऐकू येते, त्यामुळे उजव्या तळहाताने तारा दाबून ठेवण्याची सवय सुरुवातीपासून लावून घ्यावी लागते. अकॉस्टिकवर अशा चुका बऱ्याच झाकल्या जातात.

३. खर्चाचा अंदाज सांगा की.

दुकानागणिक आणि महिन्यागणिक किमती हलतात, पण ढोबळ सांगायचं तर धड सुरात राहणारी नवीन अकॉस्टिक आठ ते बारा हजारांत मिळते. दोन-तीन हजारांच्या गिटारी खडेबाजारातल्या दुकानांत लटकलेल्या दिसतात. त्यातल्या बऱ्याच बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या, नेकवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) पोचेस्तोवर बेसूर होतात. इलेक्ट्रिक बारा-पंधरा हजारांपासून धरा, त्यावर छोटा ॲम्प पाच-सात हजारांचा, शिवाय केबल. केबल अगदी स्वस्तातली घेऊ नका, पहिली तीच जाते.

ट्यूनरवर पैसे घालू नका, मोबाईलवर फुकट मिळतो. वाचलेले पैसे सेटअपवर, म्हणजे तारांची उंची वगैरे नीट करून घेण्यावर घाला (प्रश्न ४).

४. पंधरा दिवस झाले, बोटं सोलून निघाली. एफ कॉर्ड तर वाजतच नाही. माझ्या हातात दोष आहे काय?

बहुतेक वेळा दोष गिटारचा असतो. दुकानातून आलेली नवी गिटार बहुधा सेट केलेली नसते.

शाळेतली स्टीलची पट्टी घ्या. बाराव्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर ती उभी धरा आणि सगळ्यात जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर बघा. अकॉस्टिकवर ते अडीच मिलिमीटरच्या आसपास असावं, इलेक्ट्रिकवर दीड ते दोन. साडेतीन-चार दिसलं तर कितीही रियाज करा, हात दुखणारच. पट्टीच्या टोकाला शून्याआधी कोरी जागा असेल तर ती मोजलेल्या आकड्यात मिळवायला विसरू नका.

आता दुसरी तपासणी, आणि एफ कॉर्डचं खरं दुखणं इथेच असतं. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि धातू यांत किती फट उरते ते पाहा. जेमतेम कागद सरकेल इतकीच फट हवी. जास्त असेल तर नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्या खाचांत बसतात ती पट्टी) खाचा उथळ कापल्या आहेत. पहिल्या फ्रेटजवळ वाजवायचे सगळे कॉर्ड त्यामुळे जड जातात. एफ त्यातला सगळ्यात त्रासदायक. खाचा खोल करायला बारीक कानसी लागतात. घरी करवतीच्या पात्याने करू नका, एक घास जास्त गेला की नटच बदलावा लागतो.

नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते, ती ॲलन कीने फिरवता येते. तिने नेकचा बाक बदलतो. तारांची उंची कमी करण्यासाठी ती नाही. उंचीसाठी अकॉस्टिकचं सॅडल खालून घासतात आणि इलेक्ट्रिकच्या ब्रिजवरचे स्क्रू फिरवतात. इलेक्ट्रिकचं काम पाच मिनिटांचं आणि परत वर करता येणारं. अकॉस्टिकचं सॅडल घासलं की घासलं.

आणि हो, बोटांची कातडी घट्ट व्हायला तीन-चार आठवडे लागतातच. त्याला इलाज नाही.

५. मुलगी आठ वर्षांची आहे. नायलॉन तारांची चालेल काय? नंतर तिलाच स्टीलच्या तारा लावू.

नायलॉनची जरूर चालेल, थ्री-फोर्थ साइजची घ्या. नंतर स्टील लावायचं मात्र मनातून काढून टाका. नेहमीच्या स्टील तारांच्या संचाचा ताण सत्तर किलोंच्या पुढे जातो, नायलॉनचा चाळीस किलोंच्या आसपास असतो. नायलॉनसाठी बनवलेल्या गिटारचं टॉप आणि ब्रिज हा जादा ताण सोसायला केलेलेच नसतात. आधी टॉप फुगतं, मग ब्रिज उचलला जातो, आणि मग एका दुपारी मोठा आवाज होतो.

नायलॉनच्या मोठ्या क्लासिकल गिटारचा नट साधारण ५२ मिलिमीटर रुंद असतो, स्टीलच्या अकॉस्टिकचा ४३ आणि इलेक्ट्रिकचा ४२-४३. छोट्या हातांना रुंद नेक त्रास देतो, म्हणून थ्री-फोर्थ. मुलीला खरोखरच इलेक्ट्रिक आवडत असेल तर लहान मापाच्या इलेक्ट्रिकही येतात आणि त्यांच्या तारा आठ वर्षांच्या बोटांना झेपतात.

परीक्षा देणार असाल तर आधी शिक्षकांना विचारा. क्लासिकल गिटारच्या परीक्षेला नायलॉनच्या तारा आणि बोटांनी वाजवणं लागतं. रॉकच्या परीक्षांचा अभ्यासक्रम वेगळा.

६. दुकानदार म्हणाला, “सेमी-अकॉस्टिक घ्या, दोन्ही कामं होतात.” खरं काय?

अर्धं खरं. आपल्याकडे दुकानात सेमी-अकॉस्टिक म्हणून जी दाखवतात ती साधी अकॉस्टिकच असते, फक्त सॅडलखाली पिझो पिकअप (चुंबकाशिवाय, कंपनाच्या दाबावर चालणारा) आणि बाजूला नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, आवाज थोडा वाढवणारा प्रीॲम्प बसवलेला. स्पीकरला जोडली की अकॉस्टिकचाच आवाज मोठा होऊन येतो. स्टेजवर सोयीची, पण इलेक्ट्रिकचं काम तिच्याने होत नाही. डिस्टॉर्शन (रॉक-मेटलमधला फाटका आवाज) लावून पाहा, शिट्टी मारायला लागेल.

ज्यांना जगभर सेमी-हॉलो म्हणतात त्या गिटारी वेगळ्या. गिब्सन कंपनीने १९५८ मध्ये आणलेली ईएस-३३५ हा त्यांचा नमुना: मधे भरीव ठोकळा, दोन्ही बाजू पोकळ, आणि पिकअप चुंबकीय. ती इलेक्ट्रिकच. ऑनलाइन मागवताना नाव वाचून थांबू नका, फोटोत तारांखाली चुंबकीय पिकअप दिसतोय का ते बघा.

साध्या अकॉस्टिकला नंतर पिकअप बसवता येतो. स्टेज वर्षातून दोनदाच येणार असेल तर तोच मार्ग स्वस्त.

७. आमच्या भजनी मंडळात बुवा काळी दोनमध्ये गातात. गिटारवर कुठले कॉर्ड धरू?

हा प्रश्न खानापूर तालुक्यातून सगळ्यात जास्त येतो. पांढरी एक म्हणजे सी. तिथून मोजलं की काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. गिटारवर नेमक्या याच पट्ट्यांचे उघडे कॉर्ड नाहीत. म्हणून कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. खाली सी शेप म्हटलंय तिथे कॅपोच्या पुढे बोटं सी कॉर्डसारखी धरायची, बाकी शेपही तसेच.

काळी एक: सी शेप, कॅपो पहिल्या फ्रेटवर. काळी दोन: सी शेप, कॅपो तिसऱ्यावर, किंवा डी शेप, कॅपो पहिल्यावर. काळी तीन: ई शेप, कॅपो दुसऱ्यावर. काळी चार, जी बाई गात असल्या की हमखास येते: जी शेप, कॅपो पहिल्यावर. काळी पाच: ए शेप, कॅपो पहिल्यावर, किंवा जी शेप, कॅपो तिसऱ्यावर. चालीत गंधार कोमल असेल तर मायनर धरा. काळी एकला ए मायनर शेप, कॅपो चौथ्यावर. भैरवीच्या वेळी हे लक्षात ठेवा, नाहीतर शेवटच्या अभंगाला सगळे तुमच्याकडे वळून बघतील.

आता खरी गोम. ट्यूनर हिरवा दाखवतोय, कॅपो बरोबर, तरी पेटीबरोबर गिटार खटकते. याचं कारण पेटी. ट्यूनर ए सूर ४४० हर्ट्झचा धरून चालतो. जुन्या पेट्या त्याहून थोड्या चढ्या नाहीतर उतरलेल्या असतात, आणि दर पावसाळ्यात आणखी हलतात. पेटी गिटारला जुळणार नाही, गिटारने पेटीला जुळायचं. पेटीवाल्यांना पांढरी सहा दाबून धरायला सांगा, ट्यूनरच्या सेटिंगमध्ये ४४० चा आकडा एकेक वाढवत किंवा उतरवत न्या आणि काटा मधे आला की त्या आकड्यावर सहाही तारा लावा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते पहिल्या गजराच्या आधी करा.

या कामाला अकॉस्टिक बरी. इलेक्ट्रिकवर कॅपो जोरात दाबला तर बारीक तारा चढ्या होतात, कॅपो लावून झाल्यावर पुन्हा ट्यूनिंग बघावं लागतं. इलेक्ट्रिकवाले बहुधा कॅपो न लावता बार कॉर्डच (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरलेले) सरकवतात, तारा खाली असल्यामुळे ते जमतंही. एक अपवाद: फ्लॉइड रोजसारखा तरंगता ब्रिज असलेली इलेक्ट्रिक भजनाला नेऊ नका. त्यात एक तार उतरवली की बाकी पाच चढतात.

८. राग वाजवायचे तर कुठली? मींड गिटारवर येते काय?

येते, आणि इथे इलेक्ट्रिक उघड वरचढ आहे. तिची तिसरी तार साधी, बिनवेढ्याची असते. अकॉस्टिकवर तिला वर वेढे असतात. साधी बारीक तार बोटाने ढकलून एक-दीड सूर सहज चढवता येतो. अकॉस्टिकवर तेवढं ओढायला गेलात तर बोटाची परीक्षा. शिवाय इलेक्ट्रिकचा सूर ॲम्पमुळे लांब टिकतो, म्हणून मींड मधेच विरत नाही.

दुसरा रस्ता स्लाइडचा, म्हणजे गिटार आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी फिरवण्याचा. ब्रिजभूषण काबरांनी हिंदुस्थानी संगीत याच पद्धतीने गिटारवर आणलं. विश्वमोहन भट्टांनी तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारा जोडून मोहनवीणा केली आणि त्यांना १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. कर्नाटकी संगीत इलेक्ट्रिक गिटारवर ऐकायचं असेल तर प्रसन्ना यांना ऐका. गंमत अशी की १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलेली रिकनबॅकर कंपनीची ‘फ्राइंग पॅन’, जिला पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार मानतात, तीही आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटारच होती.

सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या मुलखातला श्रोता सूर पोचला नाही तर लगेच ओळखतो. तेव्हा तार ओढताना नेमकी कुठे थांबवायची, हे आधी गळ्याने म्हणून मग वाजवा.

९. घर गल्लीत, भिंतीला भिंत लागून. रात्री वाजवायचं कसं? आणि लाईट गेली की इलेक्ट्रिकचं काय?

रात्रीसाठी इलेक्ट्रिक. जवळजवळ सगळ्या छोट्या ॲम्पना हेडफोनचं भोक असतं, आणि थेट गिटारच्या जॅकमध्ये खुपसायचे चार्जिंगवाले हेडफोन ॲम्पही मिळतात. अकॉस्टिकचा आवाज कमी करायचं बटण नाही. भोकात रुमाल कोंबून थोडं भागतं.

लाईट गेली तरी इलेक्ट्रिक मुकी होत नाही. शांत खोलीत वाजवणाऱ्याला पुरेल इतकी ती नुसतीही ऐकू येते. फक्त तशी रोज वाजवू नका. ऐकू यावं म्हणून हात जोरात पडायला लागतो आणि ॲम्प लावल्यावर तोच हात नडतो.

१०. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर वाजवायचंय. साउंडवाला म्हणतो, थेट मिक्सरला जोडा.

पिकअपवाली अकॉस्टिक असेल तर जोडा. अडचण शिट्टीची येते. पोकळ बॉडी शंभर हर्ट्झच्या आसपासचे खालचे सूर पटकन उचलते. समोरच्या मॉनिटरमधून (वाजवणाऱ्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) किंवा शेजारच्या ढोलकीतून ते आले की घूं सुरू. साउंडहोलला रबरी झाकण लावा, मिक्सरवर बेस कमी करा आणि मॉनिटरकडे गिटारचं तोंड करून उभे राहू नका. या तीन गोष्टींनी बहुतेक वेळा भागतं.

इलेक्ट्रिक थेट मिक्सरला जोडली तर आवाज मेलेला येतो, आणि डिस्टॉर्शन लावलं तर नुसती किरकिर. पिकअपला दहा लाख ओहमच्या आसपासचं इनपुट लागतं. मिक्सरचं साधं लाइन इनपुट त्यापुढे फारच कमी असतं, त्यामुळे वरचे सूर गळतात. शिवाय गिटार ॲम्पचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरची किरकिर स्वतःच कापतो. मंडळाच्या मोठ्या स्पीकरमध्ये ती जशीच्या तशी येते. यावर दोनच उपाय: ॲम्पपुढे माईक लावणं, नाहीतर ॲम्पचा आवाज घडवणारं मल्टी-इफेक्ट पेडल वापरणं.

११. मंडपात गिटार हातात असताना माईकला ओठ लागला आणि झटका बसला. गिटार खराब आहे काय?

गिटार ठीक आहे, वायरिंग धोकादायक आहे. हे उत्तर सगळ्यांनी वाचावं.

इलेक्ट्रिकच्या तारा ब्रिजमधून ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. माईकचा धातू मिक्सरच्या अर्थला. दोन्ही अर्थ खरोखर जमिनीत गेलेले असतील तर काहीच होत नाही. पण तात्पुरत्या कनेक्शनमध्ये एका बोर्डाला अर्थच नसतो, किंवा ॲम्प एका फेजवर आणि साउंड दुसऱ्या फेजवर असतं. मग एका हातात तारा, ओठाशी माईक, आणि मधे तुम्ही. ब्रिटनमधला गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये स्टेजवर अशाच अर्थ नसलेल्या माईकला हात लागून झटक्याने मेला. हे चेष्टेवारी नेण्याचं प्रकरण नाही.

ॲम्प आणि साउंड एकाच, अर्थ असलेल्या बोर्डावरून घ्या. ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन तोडलेली असेल तर तो ॲम्प वापरू नका. वाजवायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून ब्रिज आणि माईकची जाळी दोन्ही टेस्टरने बघून घ्या. माईकवर स्पंजची टोपी चढवा, तीही थोडी मदत करते. पावसात जमीन ओली असताना अनवाणी उभं राहू नका, मूर्तीसमोर चप्पल नको असेल तर खाली रबरी मॅट टाका.

१२. मी तारांना हात लावला की ॲम्पची घरघर थांबते, सोडला की सुरू. हे पण धोक्याचं काय?

नाही, हे नेहमीचं. तारा अर्थला जोडलेल्या असल्यामुळे तुमच्या अंगाने उचललेला गोंगाट त्यातून निघून जातो. झटका आणि घरघर या वेगळ्या गोष्टी; झटक्यासाठी प्रश्न ११.

घरघर मूळची आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची. एकाच गुंडाळीचे सिंगल कॉइल पिकअप ती उचलतात. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यात दोन उलट गुंडाळ्यांचा हंबकर पिकअप केला, त्यात घरघर एकमेकांना मारते. मंडपातल्या एलईडी माळा आणि डिमर यांच्याजवळ वाजवणार असाल तर हंबकरवाली गिटार घ्या. सिंगल कॉइलच असेल तर जागेवर थोडं वळून पाहा, एका कोनात आवाज बराच कमी होतो.

१३. स्ट्रॅट, टेली, लेस पॉल, ड्रेडनॉट म्हणजे काय? नुसतं दिसणं काय?

दिसण्यापलीकडे आहे. फेंडर कंपनीची टेलिकास्टर १९५० च्या आसपासची, स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची. दोन्हीत मुळात सिंगल कॉइल, आवाज चमकदार. गिब्सनची लेस पॉल १९५२ ची, आवाज जाड, वजन चार किलोंच्या आसपास किंवा वर. अकॉस्टिक साधारण दोन किलोंची, म्हणजे भरीव लाकडामुळे उलट इलेक्ट्रिकच खांद्याला जड. फेंडरच्या तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंच, गिब्सनची पावणेपंचवीस. लहान हातांना गिब्सनच्या मापाची गिटार बरी पडते.

ड्रेडनॉट हा अकॉस्टिकचा मोठ्या कमरेचा आकार, मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये दुसऱ्या कंपनीसाठी बनवलेला. दणकट स्ट्रमिंगला छान. बुटक्या माणसाला मांडीवर मोठा वाटतो.

१४. खानापूरच्या पावसात गिटार टिकते काय? तारा चार दिवसांत गंजतात.

जिल्हा एक, हवा दोन. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि तिकडे अथणी-रायबागला मे महिन्यात लाकूड वाळून कडकडतं. गिटारला हवेतला ओलावा ४५ ते ५५ टक्के मानवतो. दोन्ही टोकं तिला वाईट, पण दुखणी वेगवेगळी.

ओल्या हवेत अकॉस्टिकचं टॉप पाणी पिऊन फुगतं आणि तारा वर येतात. जुलैत अचानक गिटार जड वाटली तर हेच कारण. घाईने सॅडल घासू नका, ऑक्टोबरात ती परत खाली बसते आणि मग तारा फ्रेटला घासतात. गिटार बाहेरच्या भिंतीला टांगू नका, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या महिन्याकाठी बदला. वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या सुती कपड्याने वरून-खालून पुसा. कोकणाला लागून असलेल्या गावांत मी भरीव लाकडाच्या महागड्या टॉपपेक्षा प्लाय टॉपचीच गिटार सुचवतो. आवाज थोडा कमी, झोप जास्त.

कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड आक्रसतो आणि फ्रेटची टोकं हाताला बोचायला लागतात. अकॉस्टिकच्या टॉपला चीरही जाते.

इलेक्ट्रिकची बॉडी या सगळ्याला फारशी दाद देत नाही, नेक मात्र हलते. तिचं पावसाळी दुखणं आतल्या जोडण्यांचं: व्हॉल्यूम फिरवताना खरखर, जॅकमध्ये आवाज येणं-जाणं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की बहुतेक वेळा सुटतं.

आणि उन्हात उभ्या गाडीत कुठलीच ठेवू नका. अकॉस्टिकच्या ब्रिजचा डिंक सैल होतो. शंका आली तर ब्रिजच्या मागच्या कडेला वहीचा कागद सरकवून बघा. आत गेला तर तारा लगेच उतरवा आणि कारागीर गाठा.

१५. तारांची अदलाबदल चालते काय? दुकानात इलेक्ट्रिकच्याच होत्या.

अडीनडीला इलेक्ट्रिकच्या तारा अकॉस्टिकला लावता येतात, पण आवाज पातळ होतो. उलटं करू नका: अकॉस्टिकच्या जाड तारांवर ब्राँझचे वेढे असतात, ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही, म्हणून इलेक्ट्रिकवर त्या तारा दबक्या आणि साध्या तारा मोठ्या वाजतात. नवशिक्यांनी अकॉस्टिकला १०-४७ आणि इलेक्ट्रिकला ९-४२ चा संच मागावा (हे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेच्या जाडीचे आकडे). नायलॉनसाठी प्रश्न ५.

१६. गोव्याहून सेकंडहँड मिळतेय. चोर्ला घाटातून जाऊन आणावी काय?

आणा, पण हात लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. समुद्रकाठच्या गिटारीत खारी हवा मुरलेली असते. ट्यूनिंगच्या किल्ल्या, ब्रिजचे स्क्रू, पिकअपच्या कडा यांवर हिरवट-तांबूस थर दिसतो का बघा. इलेक्ट्रिक ॲम्पला जोडून पिकअपचा स्विच प्रत्येक घरात फिरवा. अकॉस्टिक असेल तर प्रश्न १४ मधली कागदाची तपासणी आणि प्रश्न ४ मधली पट्टी, दोन्ही तिथल्या तिथे करा.

दुरुस्तीला मिरजेला न्यावी काय, असंही विचारतात. चीर सांधायला, ब्रिज चिकटवायला तिथल्या सतारमेकरांइतका लाकडाचा हात क्वचित कुणाचा असेल. पण सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि गिटारचे फ्रेट लाकडात ठोकलेले. फ्रेट घासून समपातळीत आणणं आणि ट्रस रॉड ही कामं ते करतात का, हे आधी विचारून मगच रेल्वे पकडा.

१७. मामांनी अमेरिकेहून ॲम्प आणलाय. पिन बदलून लावू काय?

अजिबात नको. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. मागच्या बाजूची पट्टी वाचा. ‘१०० ते २४०’ असं लिहिलेलं असेल, किंवा बाहेरचा ॲडॉप्टर तसा असेल, तर पिन बदलून चालेल. फक्त १२० असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि त्याची ताकद पट्टीवर लिहिलेल्या वॅटपेक्षा चांगली जास्त असावी. ॲम्पच्या नावातला वॅटचा आकडा स्पीकरचा असतो, भिंतीतून तो त्याहून जास्त ओढतो. ट्रान्सफॉर्मर घेताना अर्थची पिन पुढे नेणाराच घ्या.

१८. मुलगा डावखुरा आहे. तारा उलट्या लावल्या तर?

अकॉस्टिकवर नुसत्या तारा उलटून भागत नाही. सॅडल तिरकं बसवलेलं असतं, ते उलटं पडून गिटार बेसूर होते; नटही बदलावा लागतो. इलेक्ट्रिकवर ब्रिजचे घोडे प्रत्येक तारेला वेगळे सरकतात, त्यामुळे नट बदलला की काम होतं, फक्त बटणं कोपराखाली येतात. डावखुऱ्यांसाठी बनवलेल्या गिटारी दोन्ही प्रकारांत मिळतात, आपल्याकडच्या दुकानांत मागवून घ्याव्या लागतात. मुलाने अजून सुरुवातच केली नसेल तर आधी आठवडाभर कुणाची तरी उजवी गिटार हातात देऊन बघा. पुष्कळ डावखुरे तशीच वाजवतात आणि मग भजनात, मित्राकडे, कुठेही पडलेली गिटार त्यांना उचलता येते.